वाचक विचारतात : लघवीची नळी, अंग बाहेर येणं आणि इतर प्रश्न

घरी रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी लघवीच्या आणि नाजूक जागेच्या दुखण्यांबद्दल मोकळेपणानं विचारावं, असं आवाहन आम्ही मागच्या अंकात केलं होतं. सर्वांत जास्त पत्रं नळीबद्दल आली, म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे. नावं गाळली आहेत. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे गर्भाशयालाही ‘पिशवी’ म्हणतात आणि लघवी जमा होते तिलाही. दवाखान्यात यावरून घोळ होतो. खाली ‘पिशवी’ म्हणजे लघवीची, म्हणजे युरोबॅग. गर्भाशयाला गर्भाशयच म्हटलं आहे.

प्रश्न : अर्धांगवायूनंतर आमच्या मामंजींना तीन महिन्यांपासून लघवीची नळी आहे. आठवडाभर पिशवीत लघवी कमी येते आणि नळीच्या कडेनं गळून अंथरूण भिजतं. गावात सांगतात, जाड नळी घालून घ्या. तसं करावं का? आणि रोजची स्वच्छता नेमकी कशी करायची?
— एक सून, खानापूर तालुका

उत्तर : ताई, जाड नळी घालायची घाई करू नका. नळी बारीक पडली म्हणून कडेनं गळतं, असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा वाट कुठेतरी अडलेली असते किंवा मूत्राशय आतल्या नळीला वैतागून आवळतं आणि लघवी कडेनं बाहेर ढकलतं. जाड नळीनं हा वैताग वाढतो, मूत्रमार्गाला इजा होते ती वेगळीच. बहुतेक पुरुषांना 14 किंवा 16 नंबर पुरतो. नंबर नळीवरच छापलेला असतो. फुगा भरायच्या तोंडाचा रंगही नंबर सांगतो : 14 ला हिरवा, 16 ला केशरी, 18 ला लाल.

कडेनं गळू लागलं की या क्रमानं बघा. नळी कुठे मुडपली आहे का, मामंजी तिच्यावर झोपले आहेत का? पिशवी पलंगाच्या वर किंवा उशाशी ठेवली आहे का? पाणी उताराकडे जातं, म्हणून पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पलंगाच्या दांडीला हुक लावून अडकवा. बाजेवर झोपवत असाल तर पिशवी स्वच्छ बादलीत सोडा. पिशवी काठोकाठ भरली असेल तरी लघवी मागे तुंबते. मग शौचाची चौकशी करा. तीन-चार दिवस साफ झाली नसेल तर आतड्यातला कडक मळ मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत गळतीचं हे कारण घरच्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

हे सगळं ठीक असेल तर नळीच्या आत गाळ किंवा खडे धरले असण्याची शक्यता आहे. नळी शेवटची कधी बदलली? पिवळट रबरी नळी, जिच्यावर सिलिकॉनचा नुसता मुलामा असतो, ती साधारण तीन-चार आठवडे चालते. पूर्ण सिलिकॉनची पारदर्शक नळी 12 आठवड्यांपर्यंत चालते. तीच रबरी नळी तीन महिने राहिली असेल तर ती आता बदलायलाच हवी. घरी सिरिंजनं पाणी मारून ती मोकळी करायला जाऊ नका. नर्सनं हाताला धरून शिकवलं नसेल तर त्यातून जंतू आत ढकलले जातात.

दोन-तीन तास पिशवीत थेंबही आला नाही, ओटीपोट टणक लागतं आणि रुग्ण तळमळतो आहे, तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा. कण्याला मार लागून कमरेखाली लुळा पडलेला रुग्ण असेल तर त्याला ओटीपोटात दुखतही नाही. दुखापत छातीच्या पातळीला किंवा वर असेल तर नळी तुंबल्यावर एकदम डोकं ठणकतं, कपाळाला घाम फुटतो, तोंड लाल होतं. रक्तदाब झपाट्यानं चढल्याची ही लक्षणं आहेत. अशा वेळी रुग्णाला बसवा आणि नळीचा पीळ सोडवा. तरीही लघवी वाहिली नाही तर लगेच दवाखाना गाठा.

आता रोजची स्वच्छता. दिवसातून दोनदा आणि शौचानंतर प्रत्येक वेळी, आधी आपले हात साबणानं धुवा. कोमट पाणी, साधा साबण आणि स्वच्छ मऊ फडकं एवढंच पुरे. डेटॉल, स्पिरिट, बेटाडीन रोज लावायची गरज नाही, त्यानं कातडी सोलवटते. पुरुषांची पुढची कातडी हळुवार मागे घ्या, तोंडाशी साचलेला चिकट मळ पुसा आणि नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेनं चार बोटं लांबीपर्यंत पुसून घ्या. बाहेरून आत कधीही पुसायचं नाही. कोरडं केल्यावर मागे घेतलेली कातडी आठवणीनं पुढे आणा. हे विसरलं तर ती मागेच अडकते, टोक सुजतं आणि काही तासांत शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. बाईमाणसाला नळी असेल तर पुढून मागे पुसा, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू पुढे येत नाहीत.

रबरी नळीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्यानं रबर खराब होतं. लघवीनं कातडी ओली राहून लाल झाली असेल तर जागा धुऊन, टिपून झिंकच्या मलमाचा पातळ थर द्या, पण नळीपासून लांब. पावडर नको, तिच्या गुठळ्या होतात.

नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा आणि थोडी सैल राहू द्या. पुरुषांना मांडीच्या वरच्या भागाला किंवा ओटीपोटाला, बायकांना मांडीच्या आतल्या अंगाला. न बांधलेली नळी कुशीवर वळवताना ओढली जाते आणि आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी घासून रक्त येतं. या फुग्यात नळीवर लिहिलेल्या मापानं, बहुधा 10 मिलि, निर्जंतुक पाणी भरलेलं असतं. ते काढल्याशिवाय नळी निघत नाही. गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसानं फुग्यासकट नळी ओढून काढली तर रक्तस्राव होतो, म्हणून अशा रुग्णाच्या हाताला नळी लागेल अशी ठेवू नका. तुम्हीही ती कात्रीनं कापायची नाही.

पिशवी 2000 मिलिची असते. अर्ध्याच्या थोडी वर भरली की रिकामी करा. खालची तोटी भांड्याला टेकवू नका, काम झाल्यावर तोटीचं टोक स्पिरिटच्या कापसानं पुसून बंद करा. किती मिलि झाली ते वहीत लिहा. नळी आणि पिशवीचा जोड शक्यतो सोडायचा नाही, कारण जंतू शिरायची ती मोठी वाट आहे. पिशवी साधारण आठवड्यानं बदलतात. गळायला लागली, गाळ साचला किंवा घाण वास सुटला तर आधीच. बदलताना हात धुवा, नळी चिमटीत धरा, जोड स्पिरिटनं पुसा आणि नव्या पिशवीच्या टोकाला बोट न लावता ते सरळ आत सरकवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. नळी महिनाभर राहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप नाही, थंडी नाही, गोंधळलेपण नाही, तर फक्त रिपोर्टमध्ये ‘बॅक्टेरिया’ दिसले म्हणून गोळ्या चालू करू नका. त्यानं जंतू मरत नाहीत, पक्के होतात, आणि खरंच ताप येतो तेव्हा औषध लागू पडत नाही. ताप असेल तर आधी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा. पिशवीत साचलेली लघवी तपासायला देऊ नका, तिच्या रिपोर्टला काही अर्थ नसतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पातळ पोटात जाऊ द्या : पाणी, ताक, नाचणीची आंबील.

प्रश्न : आईची लघवीची पिशवी दोन दिवसांत जांभळी झाली. शेजारपाजारचे करणीचं बोलायला लागले. घरात सगळे घाबरलेत ओ.
— अथणी

उत्तर : करणी वगैरे काही नाही. वैद्यकात हा प्रकार चांगला माहीत आहे आणि बहुतेक वेळा तो बद्धकोष्ठ असलेल्या, बराच काळ नळी असलेल्या वयस्क बायकांमध्ये दिसतो. अन्नातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. मळ आतड्यात तुंबला की तिथले जंतू त्यापासून इंडोल बनवतात. इंडोल यकृतात बदलून लघवीत उतरतं, आणि लघवीतले दुसरे जंतू त्याचे दोन रंग करतात : निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन. दोन्ही मिसळून पिशवीचं प्लॅस्टिक जांभळं पडतं. लघवी वेगळ्या भांड्यात घेऊन बघाल तर तिचा स्वतःचा रंग बहुधा साधाच असतो.

नळी आणि पिशवी दोन्ही बदलून घ्या, शौच साफ होईल असं बघा. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा सुस्ती असेल तरच प्रतिजैविकाचा विचार डॉक्टर करतील. शेजाऱ्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : वडिलांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन 12 दिवस झाले. लघवी स्वच्छ झाली होती, काल एकाएकी लाल आली. टाका तुटला का?
— हुक्केरी

उत्तर : या ऑपरेशनमध्ये बाहेर टाका नसतो. आतली जागा तासून काढलेली असते आणि तिच्यावर खपली धरते. दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास ती सुटते, तेव्हा पुन्हा लाल लघवी होऊ शकते. दोन-तीन तास आडवं राहावं आणि तासाला एक पेला पाणी प्यावं. बहुधा लघवी गुलाबी होत जाऊन स्वच्छ होते. गुठळ्या पडल्या, टोमॅटोच्या रसासारखी दाट झाली किंवा थेंब थेंब होऊन अडली, तर मात्र थांबायचं नाही. गुठळीनं तोंड बंद होतं.

यामागे बऱ्याचदा जोर लावणं असतं. शौचाला कुंथणं, मोटारसायकलवरून खड्ड्यांतून जाणं, उसाची मोळी उचलणं. चार ते सहा आठवडे हे सगळं बंद, सायकलही. रात्री इसबगोल घ्यायचं तर पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, नाहीतर ते उलटं घट्ट करतं. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका आणि स्वतःहून सुरूही करू नका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आजच विचारा. पुढे संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, हे बहुतेकांच्या बाबतीत होतं. ते घातक नाही. वडील लाजून विचारणार नाहीत, म्हणून इथेच सांगितलं.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जणी एकत्र बसून बिड्या वळतो. वर्षातून चार-पाच वेळा उन्हाळी लागते. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या की बरं वाटतं, परत येतं.
— निपाणी

उत्तर : बैठं काम, जवळ संडास नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि आलेली लघवी दाबून धरायची. हेच मूळ आहे. लघवी वाहत राहिली तर जंतू वाहून जातात. साचली तर वाढतात. त्यात बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर असतो, म्हणून बाहेरचे जंतू लवकर आत पोचतात. दर तीन तासांनी, वाटत नसलं तरी उठायचं. एकीनं घड्याळ लावून सगळ्यांना उठवायचं ठरवलंत तर ते खरंच होईल.

दोन दिवसांच्या गोळ्या म्हणजे अर्धवट मारलेले जंतू. पुढच्या वेळी गोळीआधी लघवीचं कल्चर करा, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं याची तपासणी. नमुना असा घ्या : हात आणि जागा पाण्यानं धुवा, ओठ दोन बोटांनी बाजूला धरा, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या आणि मधली धार बाटलीत घ्या. बाटलीच्या आतल्या कडेला बोट नको. दोन तासांत लॅबला पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बरोबर रक्तातली साखरही तपासा, वारंवार उन्हाळी लागण्यामागे ती असते. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या हार्मोनच्या मलमानं बराच फरक पडतो, पण ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. गरोदर बाईनं मात्र त्रास नसतानाही लघवी तपासून घ्यावी आणि जंतू निघाले तर पूर्ण औषध घ्यावं. त्रास नसेल तर नुसत्या जंतूंसाठी गोळ्या नकोत, हा गरोदर नसलेल्यांचा नियम इथे लागू नाही.

थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले. त्याच दिवशी डॉक्टर. आणि दुखत नाही, जळजळ नाही, तरी लघवीत रक्त दिसलं, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला, तर ते एकदाच दिसून थांबलं तरी मूत्राशयाची तपासणी करून घ्यायचीच. कर्करोग असाच न दुखता सुरू होतो.

प्रश्न : वय 58. रोप लावणीच्या दिवसांत वाकून काम केलं की अंग बाहेर येतं, संध्याकाळी बोरासारखं हाताला लागतं. तुरटीच्या पाण्यानं धुते. गर्भाशय काढायलाच हवं का?
— खानापूर तालुका

उत्तर : तुरटी बंद करा मावशी. हळद, बिब्बा, दारू, कशाचाही उपयोग नाही आणि बाहेर आलेल्या नाजूक कातडीला जखम होते. गर्भाशयाला खालून झोळीसारखे स्नायू धरून असतात. बाळंतपणं, जुनाट खोकला, कुंथणं आणि वजन उचलणं यांनी ती झोळी सैल पडते. भरलेली पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो नुसतं पाणी, भांडं वेगळं. डोक्यावर एक आणि कमरेवर एक घेऊन चढ चढणाऱ्या बाईच्या ओटीपोटात किती दाब पडत असेल! निम्म्या भरलेल्या घागरीच्या जास्त खेपा परवडल्या, पण हे वजन नको.

पहिला उपाय व्यायामाचा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत असं समजून आतल्या आत आवळा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. पाच आकडे धरा, तेवढेच सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांवर जा. फरक कळायला तीन महिने लागतात, त्याआधी सोडू नका. लघवी करताना धार तोडून हा व्यायाम करायचा नाही, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

दुसरा उपाय रिंगचा, म्हणजे पेसरी. सिलिकॉनची वाटोळी कडी योनीत बसवतात आणि ती गर्भाशयाला वर तोलून धरते. ऑपरेशन नको असणाऱ्या किंवा भूल झेपणार नाही अशा बाईला ही फार चांगली सोय आहे आणि आपल्याकडे ती फारच कमी वेळा सुचवली जाते, याचं वाईट वाटतं. तपासून माप घेतात. बसवल्यावर दवाखान्यातच चाला, खोकून बघा, लघवी करून बघा. रिंग घसरली तर माप लहान, टोचली किंवा लघवी अडली तर मोठं. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवतसुद्धा नाही. स्वतःला काढता येत असेल तर आठवड्यातून एकदा रात्री काढा, साबणपाण्यानं धुवा, सकाळी मधोमध दुमडून थोडी जेल लावून मागच्या दिशेनं आत सरकवा आणि सोडा, ती आपोआप उघडते. काढता येत नसेल तर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात. रक्त किंवा घाण वासाचं पाणी जाऊ लागलं तर रिंग घासून जखम झाली आहे, थांबू नका. रिंग घालून विसरलेल्या बायका वर्षांनी येतात, तेव्हा ती आत रुतलेली असते.

ऑपरेशन हा तिसरा उपाय, आणि तो लागतोही. पण गर्भाशय काढल्यानं सैल झोळी घट्ट होत नाही. ती सावरून शिवावी लागते, नाहीतर पुढे योनीचा वरचा भागच खाली येतो. डॉक्टरांना हे नेमकं विचारा. बाहेर आलेला भाग आत जातच नाही किंवा लघवी अडली, तर त्यावर मिठाच्या सलाइननं ओला केलेला स्वच्छ गॉज ठेवून तातडीनं जा. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर ते ‘अंग बाहेर आल्यामुळे’ समजून सोडू नका.

प्रश्न : मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत स्टेंट ठेवलाय. त्रास काही नाही. कारखान्याच्या हंगामात रजा मिळत नाही, चार-सहा महिन्यांनी काढला तर चालेल का?
— उगार

उत्तर : नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख ही शेवटची तारीख समजा. ही सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाते आणि दोन्ही टोकांना वेटोळी असते. जास्त राहिली की तिच्यावर खड्यासारखाच थर चढतो, मग ती ओढून निघत नाही आणि पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं. त्रास नाही, म्हणूनच लोक विसरतात. कुळथाचं पाणी हवं तर प्या, पण त्यानं हा थर विरघळत नाही. घरच्या दोघांना तारीख सांगून ठेवा. स्टेंट असताना लघवीच्या शेवटी कुशीत कळ येणं, वारंवार लागणं, थोडी लाली दिसणं हे चालायचंच. ताप आला तर नाही.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा. रात्री एकाएकी एका गोटीत कळ आली, उलटीही झाली. सकाळपर्यंत थांबलो. पुढे असं झालं तर?
— चिकोडी

उत्तर : पुढे एक मिनिटही थांबू नका. या वयात गोटीला, म्हणजे वृषणाला, पीळ पडून रक्तपुरवठा तुटू शकतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर ती बहुधा वाचते, नंतर शक्यता झपाट्यानं घटते. शेक नको, मालीश नको, तोंडानं काही देऊ नका कारण भूल द्यावी लागेल. कळ आपोआप थांबली असली तरी आता सर्जनला दाखवाच, पीळ आपोआप सुटून पुन्हा पडू शकतो. आणि मुलाला सांगून ठेवा की तिथे दुखलं तर लाजायचं नाही, त्याच वेळी उठवायचं.

प्रश्न : आम्हांला कन्नड येत नाही, वॉर्डातल्या सिस्टरांना मराठी कमी. कार्ड इंग्रजीत. नळीच्या रुग्णाला घरी नेताना काय काय विचारून घ्यावं?
— बेळगाव

उत्तर : तीन शब्द पाठ करा, बरंच भागेल : जळजळ म्हणजे ‘उरि’, दुखणं म्हणजे ‘नोवु’, सूज म्हणजे ‘बावु’. ‘रक्त’ दोन्हीकडे रक्तच, आणि तापाला ‘ज्वर’ म्हटलं तरी कळतं. लाज वाटत असेल तर बोट दाखवून सांगा, सिस्टरांना त्यात काही नवं नसतं.

निघण्यापूर्वी कार्डाच्या मागे एवढं लिहून घ्या : नळी घातल्याची तारीख, नंबर, रबरी की सिलिकॉन, फुग्यात किती मिलि पाणी, बदलायची तारीख, नळी कायमची की काढून बघायची, आणि नळी का घातली. हे शेवटचं विचारायचं राहून जातं. कारण संपलेलं असतं तरी नळी तशीच राहते आणि रोज जंतूंना वाट मिळत राहते. पिशवी रिकामी करणं आणि जागा धुणं सिस्टरांसमोर एकदा स्वतःच्या हातानं करून दाखवा. नुसतं बघून घरी आलात तर पहिल्या रात्री तोटी कुठल्या बाजूला फिरवायची तेही आठवत नाही.